‘पॅच’ म्हटले तरी ‘बॅच’ ऐकू जाते, तेव्हा : अमेरिकन उच्चार शिकू पाहणाऱ्या एका मराठी अभियंत्याला उत्तर

तुमचे वय ३६, मूळ गाव सांगलीजवळ, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात आणि इंग्रजी पाचवीपासून. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी असून चार महिन्यांनी कामानिमित्त डॅलसला राहायला जायचे आहे. फोनवरच्या बैठकीत तिकडचे सहकारी दर दोन वाक्यांमागे ‘सॉरी?’ म्हणतात आणि वर्षभर इंग्रजी मालिका पाहूनही त्यात काही फरक पडलेला नाही. चार महिन्यांत अमेरिकन ॲक्सेंट येईल का, तो आणला तर इथले सहकारी हसतील का, आणि ‘ज्ञ’ने सुरू होणारे तुमचे नाव तिकडे कोणालाच म्हणता येत नसल्याने एखादे सोपे नाव घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

उच्चार शिकवण्याचे काम मी २००३ पासून पुण्यात करते आहे. पहिली काही वर्षे कॉल सेंटरमध्ये आणि पुढे स्वतंत्रपणे. मी मूळची कराडची आणि माझेही इंग्रजी पाचवीपासूनचेच, त्यामुळे तुमची अडचण मला केवळ शिकवून नव्हे तर भोगूनही ठाऊक आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, त्या आधी सोडवू. एक म्हणजे समोरच्याला आपले बोलणे पहिल्या फटक्यात कळणे, आणि दुसरी म्हणजे आपण अमेरिकन वाटणे. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातील अभ्यासकांनी १९९५ साली हाच फरक मोजून दाखवला होता. परक्या ढबीचे बोलणे ऐकणाऱ्याला ‘फार परके’ वाटले, तरी त्यातला शब्दन् शब्द त्याला बिनचूक लिहून काढता येतो, असे त्यांना अनेकदा आढळले. म्हणजे ढब जड असणे आणि बोलणे न कळणे या दोन गोष्टी हातात हात घालून चालतातच असे नाही. तुमचा त्रास ‘सॉरी?’चा आहे, म्हणून चार महिने पहिल्या गोष्टीवर खर्च करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. गंमत अशी की त्यासाठी जे करावे लागते, त्यातले बरेचसे अमेरिकन ॲक्सेंटच्या गाभ्यातलेच आहे.

पुढचे सारे काही अंशी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहील, हेही आधीच सांगते. सगळेच ‘सॉरी?’ उच्चारामुळे येत नाहीत. लॅपटॉपच्या आतल्या माइकवर, पंख्याखाली बसून बोलणाऱ्या माणसाचे ‘स’ आणि ‘फ’ पलीकडे पोहोचतच नाहीत. एक साधा तारेचा हेडसेट वापरून आठवडाभर पाहा. ऐकणाऱ्याचा कानही महत्त्वाचा असतो; ज्यांनी आधी भारतीयांबरोबर काम केले आहे त्यांना तुम्ही कळता आणि नव्या माणसाला कळत नाही, असे होत असेल तर दोष अर्धाच तुमचा आहे. शिवाय वय. लहानपणी गेलेल्या मुलाची जीभ जशी वळते तशी छत्तिशीत वळत नाही. मोठेपणी शिकलेल्याच्या बोलण्यात पहिल्या भाषेची खूण राहतेच, आणि चार महिन्यांत ‘अगदी अमेरिकन’ करून देण्याची हमी देणाऱ्या शिकवणीत पैसे घालू नयेत.

आता मुख्य मुद्दा. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. फळ्यावर स्पेलिंग, वहीत त्याखाली देवनागरीत उच्चार आणि शेजारी अर्थ. देवनागरी ध्वनी नोंदवण्यात फार काटेकोर आहे, परंतु शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा हे नोंदवण्याची सोय तिच्यात नाही, कारण मराठीला तिची गरजच पडत नाही. ‘पाटील’ या शब्दात ‘पा’वर जोर दिला काय किंवा ‘टी’वर दिला काय, माणूस तोच राहतो. इंग्रजीत तसे नाही. अमेरिकन कान शब्द ओळखतो तो आधी जोराच्या अक्षरावरून, आणि ते जागेवर सापडले नाही तर बाकीचे ध्वनी शुद्ध असूनही शब्द हाती लागत नाही.

तुमच्याच कामातले शब्द घ्या. आपण ‘पॅरामीटर’ म्हणतो, जणू ‘पॅरा’ आणि ‘मीटर’ हे दोन शब्द जोडले आहेत. अमेरिकन माणूस ‘प-रॅ-मि-टर’ म्हणतो आणि सगळा भार ‘रॅ’वर टाकतो; पहिला ‘प’ जेमतेम ऐकू येतो. ‘कॉम्पोनंट’मध्ये आपण ‘कॉम्’वर जोर देतो, त्यांचा ‘पो’वर असतो. ‘डेव्हलपमेंट’मध्ये आपला ‘डे’वर, त्यांचा ‘व्हे’वर, आणि त्यांच्याकडे पहिले अक्षर ‘डे’ नसून नुसते ‘डि’ असते. ‘इव्हेंट’, ‘हॉटेल’ आणि ‘कमिटी’ या तिन्हींत भार दुसऱ्या अक्षरावर आहे. ‘डिटरमाइन’ हा तर आपण स्पेलिंगवरून तयार केलेला शब्द. तो ‘डि-टर्-मिन’ असा आहे. ‘ऑब्जेक्ट’ नाम असेल तर पहिल्या अक्षरावर जोर आणि हरकत घेणे या अर्थी क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. प्रोग्रामिंग करणाऱ्याला ही जोडी रोज लागते. तुमच्या प्रकल्पात वारंवार येणारे शंभर शब्द काढा, मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचा ध्वनी ऐका आणि जोराच्या अक्षराखाली रेघ ओढा. सगळ्या अभ्यासात एवढी एकच गोष्ट करता आली तरी करा, इतके मी तिला महत्त्व देते.

जोर म्हणजे ओरडणे नव्हे. जोराचे अक्षर थोडे लांबते, सूर किंचित वर चढतो आणि त्यातील स्वर पूर्ण उमलतो. त्याच वेळी शेजारची अक्षरे आक्रसतात आणि त्यांचे स्वर बहुतेक वेळा नुसता ‘अ’ होऊन जातात. आपली अडचण जोर देण्यात कमी आणि आक्रसण्यात जास्त आहे. पाठांतराच्या वळणात वाढलेल्या माणसाला अक्षर गिळणे म्हणजे अशुद्ध बोलणे वाटते. परंतु आपण मराठीत हेच करतो, केवळ ते आपल्या लक्षात येत नाही. ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. ‘बसला’ लिहितो आणि ‘बस्ला’ म्हणतो. एखाद्याने ‘क-र-तो’ असे तिन्ही अक्षरे सारख्या वजनाने म्हटले तर तो परका आहे हे आपण क्षणात ओळखतो. आपले इंग्रजी अमेरिकन कानाला नेमके तसे लागते. आणि तो आक्रसलेला ‘अ’ शोधायला कुठे जावे लागत नाही, तो आपल्या ‘कमळ’मधल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे.

वाक्यातही हाच न्याय. ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘अँड’, ‘दॅट’, ‘वॉज’ हे शब्द वाक्याच्या पोटात आले की ‘ट’, ‘फर्’, ‘अव्’, ‘अन्’, ‘दट्’, ‘वझ्’ इतकेच उरतात. इंग्रजीत जोर ठरावीक ठेक्याने पडतो आणि मधली अक्षरे त्या ठेक्यांमध्ये कोंबली जातात, अशी मांडणी केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली केली. पुढे यंत्राने मोजल्यावर हे ठेके काही घड्याळासारखे समान निघाले नाहीत, पण शिकणाऱ्याच्या हाताला धरून चालवायला ही कल्पना अजूनही उत्तम आहे.

या एका बाबतीत चूक झाली तर नुसता ‘सॉरी?’ येत नाही, उलटा अर्थ जातो, म्हणून ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची गोष्ट सविस्तर सांगते. ‘आम्ही हे आज पाठवू शकतो’ असे म्हणताना अमेरिकन माणूस ‘वी कन् सेंड इट टुडे’ म्हणतो. ‘कन्’ अगदी आखूड आणि भार ‘सेंड’वर. ‘पाठवू शकत नाही’ म्हणताना तो ‘कॅन्ट’ म्हणतो, त्यातला ‘कॅ’ पूर्ण आणि ठसठशीत असतो आणि शेवटचा ‘ट’ बहुधा घशातच राहतो. म्हणजे होकार आणि नकार यांतला फरक त्याचा कान ‘ट’वरून करत नाही, स्वर उमललेला आहे की आक्रसलेला यावरून करतो. आपण प्रामाणिकपणे, स्पष्टपणे ‘वी कॅन सेंड’ म्हणतो आणि पलीकडे नकार पोहोचतो. २००५च्या सुमारास मी शिकवत असलेल्या तुकडीतल्या एका मुलाने ग्राहकाला पैसे परत मिळू शकतील हे तीन वेळा सांगितले. दर वेळी तो अधिक स्पष्ट, अधिक मोठ्याने ‘कॅन’ म्हणत गेला आणि दर वेळी ग्राहक अधिक भडकत गेला. रेकॉर्डिंग ऐकताना आम्हाला आधी हसू आले आणि मग हे किती मूलभूत आहे ते कळले. होकारात ‘कन्’ आखूड करा, आणि नकार महत्त्वाचा असेल तेव्हा सरळ ‘कॅनॉट’ म्हणा.

वाक्यात नेमक्या कोणत्या शब्दावर भार द्यायचा, हा पुढचा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्यावर माझ्याकडे एक घरगुती उपाय आहे. मराठीत आपण जोर आवाजाने कमी आणि ‘च’ने जास्त दाखवतो. ‘मीच तो रिपोर्ट सोमवारी पाठवला’, ‘मी तोच रिपोर्ट सोमवारी पाठवला’, ‘मी तो रिपोर्ट सोमवारीच पाठवला’ आणि ‘मी तो रिपोर्ट सोमवारी पाठवलाच’ ही चार वेगळी विधाने आहेत. इंग्रजीत शब्द बहुतेक तेच राहतात आणि हे काम एकटा आवाज करतो. म्हणून बोलण्याआधी मनात विचारा, हे वाक्य मराठीत असते तर ‘च’ कुठे लागला असता? त्या शब्दाला इंग्रजीत सूर चढवा आणि बाकीचे वाक्य सपाट ठेवा. आपण ‘टुडे ओन्ली’, ‘ही ओन्ली टोल्ड मी’ असे जे ‘ओन्ली’ ठिकठिकाणी पेरतो ते या ‘च’चेच भाषांतर असते, आणि आवाजाने भार देता यायला लागला की हे ‘ओन्ली’ आपोआप गळून पडते असा माझा अनुभव आहे.

आता सुटे ध्वनी. कॉल सेंटरमध्ये या सगळ्याला ‘एमटीआय’ म्हणायचे, म्हणजे मातृभाषेची छाप, आणि ती काढून टाकायची गोष्ट मानली जायची. मला हा दृष्टिकोन पहिल्यापासून खटकला, कारण हवे असलेले बरेच ध्वनी मराठीतच पडून असतात, ते फक्त चुकीच्या खणात ठेवलेले असतात. आणखी एक. समाजमाध्यमांवर ‘भारतीयांच्या दहा चुका’ सांगणारे जे व्हिडिओ फिरतात, त्यातल्या काही चुका आपल्या नसतातच. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ हे वळण उत्तरेकडचे आहे. ‘स्कूल’ आपल्याला जन्मतः जमते. ‘स’ आणि ‘श’मध्येही आपला सहसा गोंधळ होत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

तुमच्यासाठी ध्वनींमध्ये पहिला क्रमांक श्वासाचा आहे. तुम्ही लिहिले आहे की बैठकीत ‘पॅच’ म्हटले की लोक ‘बॅच’ लिहून घेतात आणि ‘पोर्ट’चे ‘बोर्ड’ होते. हे होणारच. इंग्रजीत शब्दाच्या किंवा जोराच्या अक्षराच्या आरंभी आलेल्या प, ट, क या ध्वनींबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो आणि अमेरिकन कान त्या झोतावरून ‘प’ला ‘ब’पासून वेगळे काढतो. आपला ‘प’ कोरडा आहे. आपल्याला झोताचे ध्वनी येत नाहीत असे मुळीच नाही, आपल्याकडे ‘ख’, ‘ठ’, ‘फ’ हे स्वतंत्र आहेत. म्हणून ‘कोड’ म्हणताना ‘ख’कडे झुका, आणि ‘पॅच’ म्हणताना दोन्ही ओठ मिटून, जुनी माणसे ‘फणस’ म्हणत तसा ओठमिटा ‘फ’ काढा. हल्ली बहुतेक जण दात ओठावर टेकवून ‘फ’ म्हणतात, तो इथे चालणार नाही. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरा. ‘पॅच’ला ती हलली पाहिजे आणि ‘बॅच’ला हलता कामा नये. मात्र ‘स’च्या मागोमाग आलेल्या ध्वनीला झोत नको. ‘स्पीड’, ‘स्टोअर’, ‘स्किल’ इथे आपला कोरडा ध्वनीच बरोबर आहे.

‘ट’ आणि ‘ड’ची जागा हा यालाच लागून असलेला विषय. आपण इंग्रजी ‘टीम’ मराठी ‘टाळी’तल्या ‘ट’ने म्हणतो, म्हणजे जीभ मागे वळवून टाळूला लावतो, आणि भारतीय इंग्रजीचा सर्वांत ठळक वास याच ध्वनीला येतो. तोंडात नेमकी जागा शोधण्यासाठी ‘ल’ म्हणा आणि जीभ तिथेच थांबवा. वरच्या दातांमागे हिरडीचा जो उंचवटा लागतो तिथूनच अमेरिकन ‘ट’, ‘ड’ आणि ‘न’ निघतात. ‘ल-ल-ल-टीम’ असे आठवडाभर म्हटले की जीभ स्वतःहून तिथे जाऊ लागते.

‘व’ची कहाणी लिपीने बिघडवलेली आहे. इंग्रजीत दातांचा ‘व’ वेगळा आणि ओठांचा ‘व’ वेगळा. आपण ‘व्हिडिओ’, ‘व्हर्जन’ यांतला दातांचा ध्वनी ‘व्ह’ लिहितो, इथवर ठीक. पण ‘व्हील’, ‘व्हाइट’ आणि ‘व्हॉट्सॲप’ हेही ‘व्ह’नेच लिहितो, जिथे ध्वनी ओठांचा आहे. वर ‘जिव्हाळा’तला हकार दोन्हींत मिसळतो. उपाय सोपा आहे. ‘व्हेंडर’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आरशात ते दिसले पाहिजेत, आणि ‘वीक’ म्हणताना ओठ ‘उ’ म्हणण्यासारखे गोल करून ‘उईक’ असे सोडले पाहिजेत, तिथे दातांचा स्पर्श नाही. हे दोन दिवसांत समजते आणि अंगवळणी पडायला दोन महिने लागतात.

स्वरांत ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’, ‘फुल’ आणि ‘फूल’ या जोड्या आपल्याला नडतात, आणि त्याचे कारण आपल्या शुद्धलेखनाच्या पहिल्या धड्यातच सापडते. मराठीत इकार ऱ्हस्व की दीर्घ हे बहुतांशी त्याच्या जागेवरून ठरते. शब्दाच्या शेवटी तो दीर्घ, आणि ‘मीठ’, ‘वीट’, ‘तूप’, ‘पूल’ अशा अकारान्त शब्दांत उपान्त्य दीर्घ. ‘शिप’ हा शब्द याच साच्यात बसतो, म्हणून आपले तोंड त्याला ‘वीट’सारखे लांबवून मोकळे होते. इंग्रजीत फरक नुसत्या लांबीचा नाही. ‘शीप’मध्ये ओठ ताणलेले आणि जीभ वर असते, ‘शिप’मध्ये सगळे तोंड सैल पडते आणि स्वर किंचित ‘ए’कडे कलतो. सैल सोडणे हाच धडा. तसेच ‘टेस्ट’ आणि ‘टेइस्ट’, ‘वेट’ आणि ‘वेइट’. आपला ‘ए’ जागेवर स्थिर राहतो, तर चव किंवा वाट पाहणे या अर्थाच्या शब्दांत तो ‘इ’कडे सरकतो. ‘गो’तला ‘ओ’ही असाच ‘उ’कडे सरकतो.

हे सगळे झाले कळण्यासाठी. ज्याला लोक खास अमेरिकन म्हणतात त्या दोन-तीन गोष्टी आता थोडक्यात. ‘जॉब’, ‘स्टॉप’, ‘डॉलर’ यांत आपला गोल ‘ऑ’ इंग्रजांकडून आलेला आहे; अमेरिकेत तो ‘आ’च्या जवळ जातो. ‘कार’, ‘पार्क’ यांतला ‘र’ अमेरिकन म्हणतात आणि आपणही म्हणतो, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे, कारण लंडनच्या वळणाचे इंग्रजी बोलणारा तो सोडून देतो. फरक एवढाच की आपल्या ‘र’मध्ये जिभेचे टोक टाळूवर टिचकी मारते आणि त्यांच्या ‘र’मध्ये ते कशालाच शिवत नाही. लांब ‘अ’ म्हणत जीभ मागे ओढा, तिच्या कडा वरच्या दाढांना टेकू द्या आणि टोक अधांतरी ठेवा. ‘वर्ल्ड’ आणि ‘गर्ल’ यांना सर्वांत जास्त दिवस लागतील, त्यामुळे त्यांवरून निराश होऊ नये.

आणि तो प्रसिद्ध ‘वॉटर’. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘ट’ अमेरिकन जीभ एका झटक्यात उरकते आणि जो ध्वनी निघतो तो आपल्या ‘करा’तल्या ‘र’च्या फार जवळ जातो. म्हणजे ‘सिटी’ हे ‘सिरी’च्या वळणावर जाते आणि ‘बेटर’मधला ‘ट’ही तसाच. मराठी माणसाला हा ध्वनी पाच मिनिटांत जमतो आणि त्याला फार आनंद होतो, म्हणूनच सुरुवातीच्या काळात मी तो पहिल्याच दिवशी शिकवत असे. ती माझी चूक होती. मुले ‘वॉरर’, ‘बेरर’ म्हणू लागली, पण वाक्याचा ठेका मराठीच राहिला, आणि ऐकणाऱ्याला पूर्वी निदान ‘वॉटर’ कळत होते तेही कळेनासे झाले. ठेका आल्यावर हा ध्वनी दागिन्यासारखा शोभतो, त्याआधी तो फक्त अडथळा आणतो. तेव्हापासून तो मी शेवटी शिकवते. तुमचे इथले सहकारी हसतील ते याच अर्धवट ‘वॉरर’ला हसतील, जोर आणि ठेका सुधारलेल्या माणसाला कोणी हसलेले मी पाहिलेले नाही. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही, त्यांना तो माणूस अचानक आत्मविश्वासाने बोलतो आहे एवढेच जाणवते.

कोणता अमेरिकन उच्चार, हे विचारायला तुम्ही विसरलात, पण डॅलससाठी ते सांगायला हवे. टेक्सससह दक्षिणेकडच्या अनेकांच्या तोंडी ‘पेन’ आणि ‘पिन’ यांचा उच्चार एकच होतो आणि ‘टाइम’मधला स्वर पसरून ‘टाम’कडे जातो. बॉस्टनकडे जुन्या वळणाची माणसे ‘कार’मधला ‘र’ सोडतात. न्यूयॉर्कमध्ये विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञांनी १९६२ साली तीन वेगवेगळ्या दर्जाच्या दुकानांत जाऊन, उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असेच येईल अशी चौकशी केली, तेव्हा जितके दुकान महाग तितका तिथल्या विक्रेत्यांच्या तोंडचा ‘र’ जास्त ऐकू आला. म्हणजे अमेरिकनांचा आपापसांतही उच्चारावरून वर्गभेद चालतो. तुम्ही राष्ट्रीय वाहिन्यांच्या बातम्यांत ऐकू येतो तो सर्वसाधारण उच्चार नमुना म्हणून धरा, बोलण्यासाठी तो आणि ऐकण्यासाठी मात्र टेक्ससचाही. तिथले स्थानिक रेडिओ कार्यक्रम इंटरनेटवर आत्तापासून ऐकत राहा.

मालिका पाहून फरक का पडला नाही, याचे कारण असे की कथा कळली की मेंदू ध्वनी टाकून देतो, आणि खाली अक्षरे असतील तर कान कामच करत नाही. त्याऐवजी तुमच्याच क्षेत्रातला, तुमच्या साधारण वयाचा एक अमेरिकन वक्ता निवडा. त्याच्या भाषणाचा फक्त एक मिनिटाचा तुकडा घ्या. तो लिहून काढा, जोराच्या शब्दांखाली रेघा ओढा, मग त्याच्या अर्धा शब्द मागे राहून त्याच्याबरोबर बोला, आणि शेवटी स्वतःचे ध्वनिमुद्रण करून दोन्ही लागोपाठ ऐका. एक तुकडा आठवडाभर पुरवा. रोज २० मिनिटे धरली तर चार महिन्यांत ४० तास होतात. आठवड्यातून एकदा सलग अडीच तास बसण्यापेक्षा रोजची २० मिनिटे कितीतरी जास्त फळतात, कारण हे ज्ञान नाही, स्नायूंची सवय आहे. पहिले सहा आठवडे फक्त जोर, ठेका आणि ‘कन्’सारखे आखूड शब्द. पुढचे सहा श्वास, ‘व’ आणि ‘ट’ची जागा. स्वर आणि ‘र’ उरलेल्या दिवसांत, आणि तेही डॅलसला पोहोचल्यावर पुढे चालू ठेवायचे. आपले ध्वनिमुद्रण ऐकणे पहिल्या आठवड्यात नकोसे होते. ते सगळ्यांनाच होते.

बैठकीत कोणी ‘सॉरी?’ म्हटले तर तेच वाक्य मोठ्याने आणि भराभर परत म्हणू नका. ज्या शब्दावर गाडी अडली असेल तो शब्द बदला, किंवा त्याच्या आधी क्षणभर थांबून तो एकटा म्हणा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’सारख्या आकड्यांत ‘वन फाइव्ह’ असे सुटे अंक सांगण्यात कमीपणा नाही. अमेरिकनही आपापसांत तसे करतात.

नोकरीत उच्चारावरून डावलले जाण्याची जी भीती तुम्ही ओझरती व्यक्त केली आहे, तिच्याविषयी इतके माहीत असू द्या की अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करता येत नाही. उच्चाराचे कारण देऊन एखाद्याला डावलायचे झाले, तर त्या उच्चारामुळे कामात खरोखरच मोठा अडथळा येतो हे दिसावे लागते. व्हिसावर गेलेल्या माणसाला हा हक्क बजावणे किती सोपे आहे हा निराळा विषय, आणि तो माझा नव्हे. तो वकिलाला विचारावा.

शेवटी तुमचे नाव. ते बदलू नका, असे मी सांगेन. २००३च्या आसपास आमच्या मुलांना कामाच्या वेळेपुरती अमेरिकन नावे दिली जात, आणि आपल्याला कोणी हाक मारते आहे हे स्वतःच्याच लक्षात न येणारी मुले मी पाहिली आहेत. अडचण नावात नाही, त्याच्या स्पेलिंगमध्ये आहे. आपण ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय ही अक्षरे लिहितो, त्यामागचा ‘द्न्य’ हा मराठी उच्चार फक्त आपल्याला माहीत असतो, आणि ती अक्षरे पाहून अमेरिकन माणूस ‘ड’पाशीच अडखळतो. तेव्हा ईमेलमधल्या सहीखाली सोप्या अक्षरांत उच्चार लिहून ठेवा. त्यात पहिला ‘द’ गाळून ‘न्या’पासून सुरुवात केलीत तरी चालेल, कारण ‘न्या’ त्यांना जमते. ओळख करून देताना आपण नाव आणि आडनाव एका दमात उरकून टाकतो, कारण ते आपण हजारदा म्हटलेले असते आणि ऐकणारा मात्र पहिल्यांदाच ऐकत असतो. नावाआधी थांबा, नाव म्हणा, जोर एकाच अक्षरावर द्या, पुन्हा थांबा, मग आडनाव. आरशासमोर या एका वाक्याचा सराव आज रात्रीच सुरू करा, आणि महिन्याभराने पॅच-बॅचचे काय झाले ते कळवा.